दक्षिणेंतील भूमिकंप आणि जुन्या कागदांची साक्ष

विसाव्या शतकांत महाराष्ट्रांत जे दोन मोठे भूकंप झाले, ते दोन्ही अशा ठिकाणीं झाले कीं जेथें भूकंपाची शंका फारशी कोणाच्या मनास शिवली नव्हती. पहिला ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे ४ वाजून २१ मिनिटांनीं कोयनेच्या खोऱ्यांत झाला. दुसरा ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं लातूर आणि उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर, किल्लारी-सास्तूरच्या टापूंत झाला. पहिल्यांत सुमारें १८० माणसें दगावलीं. दुसऱ्यांतील मृतांचा आंकडा शासकीय हिशेबीं ७,९२८ असून इतर कांहीं अहवालांत तो दहा हजारांजवळ जातो. ५२ गांवें समूळ गेलीं. दोन्ही वेळां लोकांच्या आणि कित्येक जाणत्यांच्याहि तोंडीं एकच वाक्य होतें: 'आमच्याकडे असें पूर्वीं कधीं झालें नाहीं.' हें वाक्य खरें कीं खोटें, आणि तें ठरविण्यास साधन काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. भूशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु ज्या पुराव्यावर भूशास्त्रज्ञांस विसंबावें लागतें त्यांतील एक वांटा पोथ्यांच्या समासांत आणि दप्तरांच्या रुमालांत पडलेला आहे, आणि तो आपल्या मंडळींच्या हातीं आहे, म्हणून हा खटाटोप.

दक्षिणचें पठार अचल आहे ही समजूत केवळ अडाण्यांची नव्हती. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वींचे लाव्ह्याचे थर, त्यांखालीं त्याहून कितीतरी पुरातन खडक, आणि हिमालयापासून मोठें अंतर, इतक्या गोष्टी असतां ही भूमि हलण्याचें कारण नाहीं, असें शिक्षितांचेंहि मत होतें. देशाच्या भूकंपविषयक नकाशांत किल्लारीचा मुलूख १९९३ पर्यंत सर्वांत निर्धोक अशा पहिल्या गटांत रंगविलेला होता. २००२ च्या सुधारणेंत तो पहिला गटच मोडून टाकण्यांत आला व किल्लारीचा भाग तिसऱ्या गटांत गेला. कोयनेची गोष्ट थोडी निराळी. तेथें धरणामागें पाणी सांठूं लागल्यापासून लहान लहान धक्के जाणवत होते, आणि आधींच ताणाखालीं असलेला खडक जलाशयाच्या भारानें व भेगांत शिरणाऱ्या पाण्यानें सरकला, हें आतां बहुतेकांस मान्य आहे. किल्लारीसहि पूर्वसूचना अगदींच नव्हती असें नाहीं. आदल्या वर्षीं, म्हणजे १९९२ च्या ऑक्टोबरांत, त्याच गांवीं धक्क्यांची एक मालिका होऊन गेली होती. परंतु प्रदेश निर्धोक हें एकदां ठरल्यावर लहान धक्क्यांकडे त्या दृष्टीनें पाहतो कोण?

किल्लारीच्या वेळीं मी सोलापुरास एका शाळेंत संस्कृत शिकवीत होतों. अनंतचतुर्दशीची रात्र होती. गणपति बोळवून गांव उशीरा निजलें होतें. मला जाग आली ती मांडणीवरील भांड्यांच्या आवाजानें. दाराची कडी आपोआप वाजत होती, आणि घराखालून मालगाडी जावी तशी घरघर चालली होती. घरांत आम्ही तिघेजण होतों. धक्का किती वेळ टिकला असें सकाळीं एकमेकांस विचारतां एकानें 'पळभर' म्हटलें, दुसऱ्यानें 'दोन मिनिटें', आणि तिसऱ्यानें आपण तेवढ्यांत रामरक्षा किती म्हटली त्यावरून जो काळ सांगितला तो दोहोंहूनहि अधिक भरला. एका छपराखालच्या तीन साक्षींची ही अवस्था. मग दोनशें वर्षांपूर्वींच्या एका ओळीपासून किती मागावें, हें ध्यानांत ठेवलेलें बरें.

पुढच्या आठवड्यांत कांहीं शिक्षकांबरोबर धान्य व कांबळीं घेऊन उमरगे तालुक्यांत जाणें झालें. पाऊस लागला होता. त्या भागांतील जुनीं घरें दगडमातीच्या जाड भिंतींचीं आणि वर मातीच्या माळवदाचीं. भिंत हात-दीड हात रुंद, कोठें त्याहूनहि अधिक; पण आंतला व बाहेरचा असे तिचे दोन पदर निराळे, मध्यें खडी आणि माती, आणि आरपार जाऊन दोन्ही पदरांस धरून ठेवणारे दगड क्वचित्. हादऱ्यासरशीं पदर फुटले आणि माळवदाची माती निजलेल्यांवर आली. ज्या घरांत माळवदाचा भार लांकडी खांब-तुळयांच्या खणांवर होता, त्यांतील कांहींच्या भिंती पडूनहि छत उभें राहिलें; आणि गरिबांचीं कुडाचीं छपरें तर बहुतेक तशींच होतीं. म्हणजे जुन्या कागदांत 'गांवांत अमुक घरें पडलीं' असें लिहिलेलें सांपडलें, तर त्यावरून धक्क्याचें बळ काढण्यापूर्वीं तें गांव कसल्या घरांचें होतें हें विचारलें पाहिजे.

तेथेंच एका पडलेल्या वाड्याच्या जोत्यावर एक वृद्ध गृहस्थ भिजलेला रुमाल सोडून कागद वाळत घालीत बसले होते. मला मोडी वाचतां येते हें कोणीं त्यांस सांगितलें असावें. ते म्हणाले, "मास्तर, तेवढं बघा बरं. आमच्या वाडवडलांनी असलं काही कधी लिहून ठिवलंय का?" मीं तासभर बसून कागद पाहिले. इनाम जमिनीचे होते, कांहीं विहिरीच्या पाण्याच्या वांटणीचे, दोन कर्जरोखे. भूमिकंपाचें नांव कोठें नव्हतें. तसें सांगतांच त्यांनीं विचारलें, "लिहिलं न्हाई म्हणजे झालंच नसंल का?" पुराव्याच्या शास्त्रांतील मुख्य प्रश्न तो हाच, आणि पुढें या विषयावर माझें जें कांहीं वाचन झालें तें बहुतेक त्या प्रश्नाच्या मागें लागून झालें.

आमच्यासारख्या संस्कृत पढलेल्याचा हात प्रथम वराहमिहिराकडे जातो. सहाव्या शतकांतील त्याच्या बृहत्संहितेंत भूकंपलक्षणाचा स्वतंत्र अध्याय आहे. पाण्यांत राहणाऱ्या प्रचंड प्राण्यांमुळें पृथ्वी हालते, भारानें थकलेल्या दिग्गजांच्या विसाव्यामुळें हालते, वायूवर वायु आदळल्यानें हालते, लोकांच्या अदृष्टानें हालते, अशीं पूर्वाचार्यांचीं मतें प्रथम देऊन मग तो पंख असलेल्या पर्वतांची कथा सांगतो, आणि दिवसाचे व रात्रीचे चार-चार भाग करून ते अनुक्रमें वायु, अग्नि, इंद्र व वरुण यांस वांटून देतो. नक्षत्रांचीहि अशीच चौघांत वांटणी आहे. नक्षत्राचा विचार बाजूस ठेवून केवळ वेळेवरून पाहिलें, तर कोयना व किल्लारी हे दोन्ही रात्रीच्या चौथ्या भागांतले, म्हणून वरुणाचे. आणि वरुणाचा कंप नद्यांच्या आश्रयानें राहणाऱ्यांस घातक व अतिवृष्टि करणारा असें फळ दिलेलें आहे. धरणाच्या पाण्यानें घडलेला कोयनेचा भूकंप वरुणाच्या वांट्यास यावा, याची एखाद्यास मौज वाटेल. परंतु २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप रात्रीं १ वाजून २२ मिनिटांनीं झाला, तो इंद्राकडे जातो. आणि २६ जानेवारी २००१ चा कच्छचा सकाळीं पावणेनऊच्या सुमारास झाला, तो वायूकडे. तेव्हां या मौजेंतून हातीं कांहीं लागत नाहीं. बंगालच्या बल्लाळसेनानें बाराव्या शतकांत आरंभिलेल्या अद्भुतसागरांतहि भूकंपाचा विषय आहे, तोहि जुन्या आचार्यांच्या वचनांचा संग्रह म्हणून.

आमच्या कामापुरतें सांगावयाचें तर हे ग्रंथ नियम सांगतात, प्रसंग सांगत नाहींत. अमुक शकांत अमुक तिथीस अमुक नगरांत भूमि हालली, असें त्यांत शोधूं जाणें व्यर्थ. उलट बाबरानें १५०५ मधील काबूलच्या भूकंपाविषयीं लिहितांना त्या एका दिवसांत तेहेतीस धक्के मोजले आणि पुढें महिनाभर रोज दोन-तीन होत राहिले, असें नोंदविलें आहे. शास्त्र कमी आणि डोळे उघडे, अशा या लिहिण्याची किंमत आज केवढी आहे! आमच्याकडे तें काम शास्त्र्यांनीं केलें नाहीं. केलें असल्यास तें कुळकर्ण्यांनीं, कारकुनांनीं, पुजाऱ्यांनीं आणि पंचांगाच्या कडेस चार अक्षरें लिहिणाऱ्या गृहस्थांनीं.

असें टिपण हातीं आल्यावर त्याचें पुढें काय होतें, हें संग्राहकांनीं एकदां पाहण्यासारखें आहे. कोयनेच्या भूकंपानंतर महिन्याच्या आंत, जानेवारी १९६८ मध्यें, कै. यशवंत नरसिंह केळकर यांनीं 'केसरी'त महाराष्ट्रांतील गेल्या तीनशें वर्षांतील भूकंपांविषयीं लेख लिहिला. पोवाडे व ऐतिहासिक शब्द यांच्या संग्रहासाठीं केळकर सर्वांस परिचित आहेत. हा लेख मात्र त्यांच्या चाहत्यांतहि थोड्यांनीं पाहिला असेल. परंतु भूकंपशास्त्रज्ञांनीं तो पाहिला. उमेश चंद्र यांनीं १९७७ मध्यें द्वीपकल्पांतील भूकंपांची जी यादी प्रसिद्ध केली, तिला या लेखाचा आधार आहे, आणि तेथून त्या नोंदी पुढच्या याद्यांत उतरत गेल्या. अशा याद्यांत प्रत्येक नोंदीस अक्षांश-रेखांश लागतात आणि बळाचा आंकडाहि लागतो. म्हणजे कोणा कारकुनानें सहज लिहिलेली ओळ नकाशावर ठिपका होऊन बसते. पुढें त्या ठिपक्यांच्या संख्येवरून, कोणत्या प्रदेशांत किती वर्षांनीं केवढा भूकंप संभवतो हें गणित मांडतात. त्यावरून धरणांचा, पुलांचा आणि शाळांच्या इमारतींचा विचार होतो. ओळ लिहिणारा जेथें बसला होता तें ठिकाण भूकंपाचें उगमस्थान असतेंच असें नाहीं. किल्लारीचा धक्का सोलापुरांतल्या एखाद्या वहींत लिहिलेला असेल, आणि तीनशें वर्षांनीं केवळ तीच वही उरली, तर किल्लारीचा भूकंप सोलापूरचा ठरेल. याकरितां टिपण छापणाऱ्यानें तें कोठें व कोणीं लिहिलें हें न सांगणें म्हणजे अर्धें टिपण नष्ट करणेंच होय.

उलट बाजूचा घोटाळाहि तितकाच मोठा आहे. १७३७ च्या ऑक्टोबरांत कलकत्त्यास भूकंप होऊन तीन लाख माणसें मेलीं, असें दोनशें वर्षांहून अधिक काळ पुस्तकांत छापलें जात होतें. त्या वेळीं त्या नगराची एकंदर वस्तीहि तीन लाख नव्हती, हा साधा विचार कोणीं केला नाहीं. १९९४ मध्यें रॉजर बिल्हम यांनीं मूळ कागद तपासून तो प्रसंग मुख्यतः चक्रीवादळाचा असल्याचें दाखविलें. आपल्याकडे मे १६१८ मधील मुंबईच्या 'भूकंपाची' नोंद याद्यांत दोन हजार मृतांसह येते. तिच्या मुळाशींहि मुंबई-वसईच्या किनाऱ्यावरील तुफानच दिसतें. एकानें लिहिलें, दुसऱ्यानें उतरलें, तिसऱ्यानें बळाचा आंकडा घातला, असा हा प्रवास. पोथ्यांच्या वंशावळी लावणाऱ्यांस हा रोग चांगला ओळखीचा आहे. एका प्रतींतील चूक दहा प्रतींत आली म्हणून तिला दहा साक्षी मिळत नाहींत.

आतां शब्दांविषयीं. मराठी कागदांत भूमिकंप, धरणीकंप, भूकंप हे शब्द येतील. फारसी कागदांत जलजला येईल. पण शब्द आला म्हणून प्रसंग आला असें नव्हे. 'धरणीकंप झाला' हें आपण मोठ्या अनर्थासहि म्हणतों, आणि पोवाड्यांत फौज चालली कीं पृथ्वी डळमळतेच. तेवढ्यावरून कोणी ठिपका काढूं नये. याच्या उलट, शब्द नसतां प्रसंग असूं शकतो. 'जमिनींत आवाज झाला', 'विहिरीचें पाणी गढूळ झालें', 'भांडीं पडलीं' अशा ओळी वाचणारा पुष्कळदां सोडून देतो. मला सर्वांत अधिक आशा वाटते ती हिशेबाच्या वह्यांची. उत्पात झाल्यावर शांति करावी असें शास्त्र असल्यानें शांतीचा खर्च पडणार, ब्राह्मणांस दक्षिणा पडणार, देवळाच्या कळसाची वा कोटाच्या तटाची डागडुजी पडणार. खर्च लिहिणाऱ्यास अलंकाराची हौस नसते. एकाच सुमारास शेजारशेजारच्या चार देवस्थानांच्या वह्यांत दुरुस्तीचा खर्च चढलेला दिसला, तर तेथें थांबून विचार करावा. वीज, पूर आणि लूट हीं कारणें आधीं पाहून मगच भूकंपाचें नांव घ्यावें, हें सांगावयास नकोच.

तिथीचा प्रश्न वाटतो त्याहून नाजूक आहे. किल्लारीचा भूकंप इंग्रजी मानानें गुरुवार ता. ३० सप्टेंबर १९९३ चा. आपल्या पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून धरतात, म्हणून तोच भूकंप बुधवारचा, शके १९१५ श्रीमुखनाम संवत्सर, निज भाद्रपद शुद्ध १४, सूर्योदयापासून सुमारें ५४ घटिकांनीं झालेला. त्या मुलुखांत जुन्या काळीं फारसी दप्तर होतें. त्यांत दिवस सूर्यास्तापासून धरला जाई, तेव्हां फारसनविसानें तो पुढच्या वारावर लिहिला असता. आणि शास्त्रज्ञांच्या ग्रीनिच मानानें तो २९ सप्टेंबरच्या रात्रीं १० वाजून २५ मिनिटांचा. कोयनेचेंहि तसेंच: कांहीं याद्यांत १० डिसेंबर, कांहींत ११. दोन्ही बरोबर आहेत. आपल्या हयातींतील भूकंपाची ही कथा असतां, अठराव्या शतकांतील दोन कागदांत एका दिवसाचें अंतर पडलें म्हणून ते दोन निरनिराळे भूकंप मानणें, किंवा एक कागद खोटा ठरविणें, अगदीं अयोग्य होईल. पहांटेच्या धक्क्याविषयीं तर ही सावधगिरी अवश्य पाळावी. त्या वर्षीं भाद्रपद अधिक आला होता, हेंहि लक्षांत ठेवावें. टिपणांत 'निज' शब्द गळाला तर महिन्याचा फरक पडतो.

कागदांच्या मागें जाऊं म्हटलें तर जमीनच वाचावी लागते. किल्लारीच्या वायव्येस, त्याच तेरणा नदीच्या कांठीं, तेर आहे. पेरिप्लसांतील तगर तें हेंच, असें फ्लीट यांनीं १९०१ मध्यें दाखविलें. विटांचें जुनें चैत्यगृह येथें त्रिविक्रमाचें देऊळ होऊन राहिलें आहे, आणि गोरोबाकाकांमुळें वारकऱ्यांसहि हें गांव परिचित आहे. १९५८ च्या सुमारास चापेकर यांनीं येथें उत्खनन केलें. किल्लारीनंतर सी. पी. राजेंद्रन व कुसला राजेंद्रन हे भूशास्त्रज्ञ येथें आले. तेरच्या जुन्या थरांत जमीन वांकल्याच्या व सरकल्याच्या खुणा पाहून, सुमारें दीड हजार वर्षांपूर्वीं येथें मोठा भूकंप झाला असावा, असा तर्क त्यांनीं १९९९ मध्यें मांडला. दुसऱ्या कांहीं संशोधकांनीं त्याच टापूंतील नदीकांठच्या गाळाचे थर तपासून इ. स. पूर्वीं दुसरें शतक ते इ. स. चें पांचवें शतक एवढा काळाचा पल्ला सुचविला आहे. या दोन मतांचा मेळ कसा घालावा हें तज्ज्ञांचें काम. तगराच्या ऱ्हासाचें कारण भूकंप होय असें कोणी घाईनें म्हणेल, तर मात्र आम्ही त्याच्या बाजूचे नाहीं. बाजारपेठा उठण्यास व्यापाराचे मार्ग बदलणें पुरेसें असतें. परंतु एवढें खरें कीं, 'आमच्याकडे असें कधीं झालें नाहीं' म्हणणाऱ्या मुलुखाच्या पोटांतच तें झाल्याची खूण निघाली. माणसाच्या स्मृतीचा पल्ला चार-पांच पिढ्यांचा, कागदाचा फार तर चार-पांच शतकांचा. आणि या जुन्या खडकांत एकाच ठिकाणीं दोन मोठे धक्के येण्यामधलें अंतर हजारों वर्षांचेंहि असूं शकतें. जोत्यावर बसलेल्या त्या गृहस्थांच्या प्रश्नास उत्तर आहे तें हें.

मग कागद शोधावे कशाला, असें कोणी म्हणेल. शोधावे ते मधल्या लहान धक्क्यांसाठीं. मोठा भूकंप हजारों वर्षांनीं येत असेल, पण लहान व मध्यम धक्के त्याहून पुष्कळ वारंवार येतात. आणि दक्षिणेंत ते येत होते, याची साक्ष १ एप्रिल १८४३ च्या बळ्ळारीच्या भूकंपानें दिलेली आहेच. कोंकण व सह्याद्रीच्या घाटमाथ्याविषयीं केळकरांच्या लेखामुळें कांहीं तरी हातीं आहे. मराठवाड्याविषयीं तितकेंहि नाहीं. त्या मुलुखाचीं दप्तरें पुण्यास आलीं नाहींत. निजामशाहींतील सरकारी कागद हैदराबादेकडे गेले, आणि घरगुती कागद देशमुख, देशपांडे, कुळकर्णी व मठाधिपति यांच्या वाड्यांतून राहिले. ज्या गांवांतील वाडे १९९३ त पडले, त्यांच्या मातींत यांतील किती रुमाल गेले असतील याचा हिशेब कोणाकडे नाहीं. गांवें नव्या जागीं वसलीं, आणि जुन्या गांवठाणांत मातीचे ढीग राहिले.

औसा, निलंगा, उमरगा, तुळजापूर, परांडा या बाजूचे कागद ज्यांच्याकडे असतील त्यांस एवढीच विनंति आहे कीं, सनदा व वतनपत्रें निवडून बाकीचें बाड रद्दी म्हणून बाजूस टाकूं नये. रोजकीर्दी, खर्चाच्या यादी, जुनीं पंचांगें आणि पोथ्यांचीं पहिलीं-शेवटचीं कोरीं पानें अवश्य चाळावीं. पोथी बांधावयास देतांना समास कापूं देऊं नयेत. टिपण सांपडल्यास तें मोडींत जसें असेल तसें, अशुद्धासह, उतरून घ्यावें. तिथि, वार, संवत्सर व घटिका यांपैकीं जें असेल तें सर्व घ्यावें व नसेल तें आपण भरूं नये. शाई व हात मूळ मजकुराचे आहेत कीं मागाहूनचे, हें लिहावें. आणि त्याच पानावरील आधींची व नंतरची ओळहि बरोबर द्यावी, कारण पुष्कळदां गांवाचें नांव त्या ओळींतच असतें.